मुकादमांचे बासष्ट दगड

पोळ्यानंतरच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता आमच्या नगरपंचायतीत मुकादमांना पाचशे रुपये दंड झाला. हजर पाच जण होते: मुख्याधिकारी मॅडम, वसुलीचा कारकून, तक्रार करणारे कापडवाले शेठ, स्वतः मुकादम आणि त्यांचा भाडेकरू म्हणून मी. कागदावर कारण लिहिलं होतं, 'सार्वजनिक रस्त्यात दगड रोवून अडथळा निर्माण केला.'

मुकादमांनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि परत टेबलावर ठेवला.

"पाचशे हायेत माझ्याकडं," ते म्हणाले. "पर कारण खोटं हाय. कारण दुरुस्त करा, पैसे आत्ता मोजतो."

"मग काय लिहू?" कारकुनानं विचारलं.

"सायकलींचा रस्ता दगड लावून राखला, असं लिवा."

शेठ हसले. मॅडम हसल्या नाहीत. कारकुनानं पेन खाली ठेवलं, कारण त्या गुन्ह्यासाठी त्याच्या पुस्तकात रकाना नव्हता.

गावाचं नाव मी लिहीत नाही. यातली बहुतेक माणसं मला अजून रोज भेटतात. वाशीहून बदली होऊन मी इथल्या पतसंस्थेत हिशेबनीस म्हणून आलो, तेव्हा गावात एकच चौक होता. नऊ वर्षांत तीन झाले. बाजारपेठेत मोबाइलची दुकानं मी एकदा मोजली, एकोणीस भरली. माणसं तेवढी वाढली नव्हती, पण गाड्या वाढल्या होत्या. मुकादमांच्या घरच्या दोन खोल्या मी भाड्यानं घेतल्या त्या पहिल्याच आठवड्यात, आणि त्याच आठवड्यात त्यांनी मलाही दंड केला.

ते बांधकाम खात्यात रस्त्याच्या गँगचे मुकादम होते. खड्डे भरायचे, साइडपट्टीला मुरूम टाकायचा, झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारायचे, सोनारीच्या जत्रेआधी त्या वाटेची डागडुजी करायची, या कामांत त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर रस्ता सुटला, चुना सुटला नाही. घराच्या पायऱ्या, कडुनिंबाचं खोड, पाण्याचा हौद, गेटची चौकट, सगळ्याला कंबरेपर्यंत चुना आणि मधे गेरूचा पट्टा. चुन्यात मीठ आणि डिंक घालून तो पावसात टिकवायची त्यांची स्वतःची रीत होती.

"चुना लावल्याली वस्तू सरकारी दिसती," ते म्हणायचे. "सरकारी वस्तूला हात लावायच्या आदी मानूस इचार करतो. देवाला भ्यालं न्हाय तरी चुन्याला भेतंय."

अंगणात स्कूटरसाठी त्यांनी चुन्याची रेषा मारून दिली होती. चौथ्या दिवशी माझं पुढचं चाक रेषेवर गेलं. संध्याकाळी दहा रुपये दंडाची पावती आली, जुन्या मस्टरच्या, म्हणजे गँगच्या हजेरीपटाच्या, पानामागं लिहिलेली. कारण: पुढचं चाक रेषेवर चार बोटं. मी पैसे दिले, पण म्हणालो, "चार नाही, तीन बोटं आहे." त्यांनी बाहेर जाऊन मोजलं. आत आले, पहिली पावती फाडली, दुसरी लिहिली. तीन बोटं. दंड तोच, दहा रुपये.

"दंड बराबर असंल तर कारणबी बराबर पायजे, कारकून," ते म्हणाले. मला ते शेवटपर्यंत कारकूनच म्हणाले.

मोटारसायकलवर ते कधी बसले नाहीत. चालायचे, आणि चालताना मोजायचे. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं. मी टेप लावून पाहिलं आहे, दहा पावलांत दोन बोटांचाही फरक आला नाही. त्यांचं मूळ गाव सास्तूर. भूकंपाआधीच्या जुन्या गावाबद्दल एवढंच बोलायचे, "बैलगाडी आली की भितीला चिकटाय लागायचं, असा आमचा बोळ. त्यादिवशी त्या बोळात कुनाला जाताबी आलं न्हाय अन् भाईर येताबी आलं न्हाय." पुढं काही सांगायचे नाहीत. आपणही विचारायचं नाही. नवं गाव वसलं तेव्हा मात्र आधी रस्त्याची दोरी मारली आणि मग घरं बांधली, हे ते अभिमानानं सांगायचे, जणू दोरीचं एक टोक त्यांनीच धरलं होतं.

आमच्या बाजारपेठेतला रस्ता रुंद होऊन सिमेंटचा झाला. नकाशात डाव्या अंगाला 'सायकल मार्ग, दीड मीटर' असं लिहिलेलं होतं. मुकादमांनी अर्ज करून त्या नकाशाची नक्कल घेतली होती आणि ती गादीखाली ठेवत. कारण गावातल्या कन्याशाळेत आसपासच्या वस्त्यांवरून मुली येतात, बऱ्याचजणींना सरकारकडून सायकल मिळालेली आहे, आणि शाळेला जायला बाजारपेठेशिवाय वाट नाही. प्रत्यक्षात मुरमाच्या साइडपट्टीच्या कडेनं एक पांढरा पट्टा मारला गेला. आठवड्यात पट्ट्याच्या आत गाड्या उभ्या राहू लागल्या, दुकानांची पोती आली, कापडवाल्या शेठचा तर पुतळाच आला, साडी नेसवलेला.

"पट्टा डोळ्याला दिसतो, चाकाला न्हाय," मुकादम म्हणाले. "चाकाला दगड लागतो."

आषाढात ते खरं झालं. वस्तीवरची नववीतली मुलगी पट्ट्याच्या आतून सायकलवरून चालली होती. उभ्या पिकअपचं दार उघडलं. ती दार चुकवायला बाहेर गेली आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलनं तिला उडवलं. हात कोपरात मोडला. तिच्या बापानं सायकल घरी नेली आणि माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, चढवून ठेवली. चार दिवसांत वस्तीवरच्या सात माळवदांवर सात सायकली गेल्या. पायी यायचं तर पावणेदोन तास. म्हणजे शाळा संपली असंच धरायचं.

मुकादम रोज सकाळी पावणेदहाला स्टँडसमोरच्या पुलाच्या कठड्यावर बसायचे. मांडीवर जुनं मस्टर. सायकलवरच्या मुली मोजायचे आणि गँगवरच्या माणसांची लावावी तशी त्यांची हजेरी लावायचे. अपघाताआधी एकेचाळीस होत्या. नंतर तेहतीस झाल्या. सात माळवदावर आणि एक आमच्या जिन्याखाली, कारण आमची आठवीतली मुलगीही मी घाबरून स्कूटरवर सोडायला लागलो होतो.

"तुमचीबी गैरहजर लावलीय," त्यांनी मला सांगितलं. मला राग आला. राग यायचं कारण तेच होतं की हजेरी बरोबर होती.

जुन्या रस्त्याच्या कडेचे दगड, वळणावर असतात तसले उभे घडीव, रुंदीकरणात काढून ओढ्यात टाकले होते. मुकादमांनी एक बैलगाडी ठरवली आणि तीन खेपांत बासष्ट दगड आणले. दोरी लावली, पहारीनं दीड-दीड फुटाचे खड्डे घेतले आणि पांढऱ्या पट्ट्यावर दर दहा फुटांवर एक दगड रोवला. बाजारपेठेतला मोक्याचा तुकडा तेवढाच, सहाशे दहा फूट. दुकानात हातगाडीनं माल न्यायला फट मोकळी होती, पण चारचाकीला आत वळून उभं राहायला जागा नव्हती. बारा दिवस लागले. मग चुना, मग गेरू. तिसऱ्या दिवसापासून सुट्टीच्या वेळी मी दोरी धरायला जाऊ लागलो. हे मी मोठेपणासाठी लिहीत नाही. पहिले दोन दिवस मी गेलो नव्हतो.

"कुणाच्या परवानगीनं?" शेठ दुकानाच्या पायरीवरून ओरडले.

"नकाशाच्या," मुकादम खाली बघतच म्हणाले.

"गिऱ्हाइकानं गाडी माझ्या डोक्यावर लावायची का?"

"तुमची मर्जी. सायकलीच्या रस्त्यात न्हाय लावायची."

मोडलेल्या हाताच्या मुलीचा बाप एका बाजारच्या दिवशी आला. त्या पाच फुटांच्या वाटेतून इकडून तिकडे चालला. परत आला. एका दगडाला त्यानं पायानं जोरात ढकललं, अंगठा धरून खाली बसला, आणि लंगडत घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या माळवदावरची सायकल खाली आली. मुलीचा हात प्लॅस्टरमध्ये होता, म्हणून ती धाकट्या बहिणीनं चालवली. पंधरवड्यात हजेरी पुन्हा एकेचाळीस झाली. आमची जिन्याखालचीही त्यात होती.

पण दगड राहीनात. रोज दुकानं उघडायच्या वेळी एखादा उपटलेला असायचा. मुकादम पुन्हा रोवायचे. तीन उपटले, तीन रोवले. पाच उपटले, पाच रोवले. आमच्या हिला ते बघवेना. श्रावणातल्या एका शनिवारी सकाळी मारुतीला जाताना तिनं शेठच्या दुकानासमोरच्या दगडाला शेंदूर फासला, तेल घातलं, रुईची माळ घातली आणि नारळ फोडला. दुपारपर्यंत कुणी दुसऱ्या दगडाला शेंदूर लावला. पुढच्या शनिवारी मी मोजले, चोवीस दगड शेंदरी होते आणि आठांवर उदबत्त्या होत्या. त्यानंतर एकही दगड उपटला गेला नाही. शेठनी पुतळा आत घेतला आणि दुकान उघडताना समोरच्या दगडाला हात जोडू लागले.

"झालं की काम," मी मुकादमांना म्हणालो. "एक पैसा न घालता बंदोबस्त."

ते मस्टर बघत होते. एकेचाळीस. मग अडतीस. छत्तीस. सदतीस. रोज वेगळ्या मुली कमी. त्या घरी नव्हत्या. दगडांच्या बाहेरून, ट्रॅक्टर आणि पिकअपच्या गर्दीतून चालल्या होत्या. मुकादमांनी त्यांची हजेरी लावली नव्हती, नुसती फुली मारली होती.

संध्याकाळी ते आमच्या दारात आले. ही तांदूळ निवडत होती.

"ताई, तुमची लेक काल दगडाच्या भाईरनं का गेली?"

ही खाली मान घालून म्हणाली, "मामा, पोरींचे चार दिवस असत्यात की. देवाजवळनं कसं जायचं? म्याच सांगितलंय तिला."

मुकादम उंबऱ्यावरच बसले. म्हणाले, "म्या पोरींसाठी रस्ता केला, अन् देव त्यात बसला."

"देव राखतोय की रस्ता."

"राखतोय. पर ज्यांच्यासाठी राखायचा त्यास्नीच भाईर काढून."

दुसऱ्या दिवशी भर बाजारात अकरा वाजता ते रॉकेल, तारेचा ब्रश आणि चुन्याची बादली घेऊन बसले. पहिला दगड शेठच्या समोरचाच घेतला. गर्दी जमली. आमची ही त्या गर्दीत होती, आणि मी तिच्याशेजारी.

"मुकादम, पाप लागंल!" शेठ म्हणाले.

"माज्या नावावर लिवा."

"देवाला ब्रश लावता? लाज न्हाय वाटत?"

"ह्यो देव न्हाय, शेठ. ह्यो बांधकाम खात्याचा दगड हाय. तीस वर्सं म्या ह्याला चुना मारलाय. देव असता तर तवाच मला वळखला असता."

मागं कुणीतरी हसलं. बाकी कुणी हसलं नाही. एक म्हातारी रडायला लागली. चोवीस दगड खरवडायला त्यांना संध्याकाळ झाली. कुणी मदत केली नाही, आणि कुणी अडवलंही नाही, कारण तसं करायला खरवडल्या जाणाऱ्या देवाजवळ जावं लागलं असतं. माळ, उदबत्त्या, नारळाची शकलं त्यांनी एका स्वच्छ फडक्यात बांधून मारुतीच्या पारावर नेऊन ठेवली. मग चुना मारला.

हिनं त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं सोडलं. एरवी आमच्याकडं आमटी झाली की वाटीभर त्यांच्याकडं जायची. ती वाटी थांबली. आमच्या घरात त्यांचं नाव निघालं की ती भांडी जोरात ठेवायची.

दगड पुन्हा नुसते दगड झाले आणि शेठना हवं होतं ते मिळालं. तक्रार झाली, आणि पोळ्यानंतरच्या गुरुवारी आम्ही पाच जण त्या टेबलाभोवती जमलो.

मुकादमांनी मॅडमसमोर नकाशा उलगडला. "बाईसाहेब, रस्ता तुमच्या कागदावर हाय, जमिनीवर न्हाय. म्या जमिनीवर आणला. दंड करायचा तर कागदाला करा."

"काका, प्रत्येकानं असे दगड रोवले तर?" मॅडम म्हणाल्या. त्यांचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. "सात दिवसांत काढून घ्या. नाहीतर आम्ही काढू."

परत येताना मी त्यांना समजावलं. पाचशेच आहेत, भरून टाका, पुढची नोटीस थांबेल. ते रस्त्यात थांबले. "कारकून, तुमची चार बोटांची पावती फाडून तीन बोटांची दिली का न्हाय? दहा रुपयांची व्हती ती. मग?"

घरी आल्यावर मी त्यांच्याकडून मस्टर मागून घेतलं.

सातव्या दिवशी, पुढच्या गुरुवारी, नगरपंचायतीचा ट्रॅक्टर आला. चार मजूर होते. मुकादम आधीच उभे होते, जुन्या खाकी सदऱ्यात, आणि दगडांच्या दोन्ही टोकांना त्यांनी गँगच्या लाल झेंड्या रोवल्या होत्या. ज्यांनी रस्त्यावर काम केलंय त्यांना हे माहीत आहे: गँगची झेंडी लागली की मुकादमानं काढेपर्यंत तिच्या आत कुणी जात नाही. मजुरांपैकी दोघं त्यांच्याच हाताखाली शिकलेले होते.

"मुकादम, झेंडी काढा," त्यातला एकजण म्हणाला.

"काम चालू हाय."

"कसलं काम?"

"पोरी जायच्यात."

मजूर ट्रॅक्टरवर जाऊन बसले. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. शेठनी फोन लावला आणि दहाच्या सुमाराला मॅडम स्वतः आल्या. तोवर मुली यायला लागल्या होत्या. मॅडम एका बाजूला उभ्या राहिल्या. घंटी वाजवत, एकामागं एक, दप्तर कॅरिअरला लावून मुली दगडांच्या आतून गेल्या. प्लॅस्टर निघालेली मुलगीही होती. मुकादम मस्टर धरून खुणा करत होते, मॅडमकडं बघतही नव्हते.

माझ्या खिशात एक कागद होता. मस्टरवरून मी तक्ता केला होता: दगडांआधी किती, दगडांनंतर किती, शेंदूर असताना किती बाहेरून गेल्या. बेरजा तीनदा तपासल्या होत्या. खाली सहीची जागा मोकळी होती. आमच्या पतसंस्थेचे अध्यक्ष हे शेठचे सख्खे मेहुणे, आणि शेठ चार हातांवर उभे होते. मी स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून सही केली, खाली हुद्दा लिहिला आणि मॅडमना दिला. त्या सहीचं पुढं एवढंच झालं की माझी बढती दीड वर्ष लांबली. तक्त्यातला आकडा मात्र कुणाला खोडता आला नाही.

मॅडमनी कागद वाचला. "आज किती?"

"एकेचाळीस," मुकादम म्हणाले. "समद्या आतनं."

त्यांनी ड्रायव्हरला परत जायची खूण केली. मग म्हणाल्या, "पुढच्या कामात पक्की कडा धरू. तोवर दगड राहू देत. पण काका, दंड माफ होणार नाही."

"माफी कुणी मागितलीय?" मुकादम म्हणाले, आणि झेंड्या काढायला गेले.

संध्याकाळी ही मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "आज आपल्या लेकीचा दुसरा दिवस व्हता." मग ताटली शोधत म्हणाली, "म्याच तिला म्हणलं, आतनं जा." एवढं बोलून तिनं वाटीभर आमटी झाकून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या वर्षी त्याच रेषेवर सिमेंटची कडा झाली, गुडघ्याइतकी उंच. मुकादमांनी आतली रुंदी मोजली, दीड मीटरला दोन इंच कमी भरली, आणि त्यांनी त्या दोन इंचांची तक्रार दिली. पाचशेची नोटीस दर तिमाहीला येत राहिली. ते तिच्यावर 'कारण चूक' असं लिहून परत पाठवायचे.

गुडघे गेले तेव्हा ते सास्तूरला पुतण्याकडं निघाले. तिथंच गेल्या माघात वारले. त्यांचा मुलगा पुण्याहून येऊन म्हणाला, वडिलांच्या नावावर पाचशे दिसतात, भरून टाकू का? मी म्हणालो, भरायचे नाहीत. त्यानं ऐकलं. ते अजून येणे दिसतात.

सास्तूरला जायच्या दिवशी सकाळी मुकादम आमच्या दारात आले होते. त्यांनी हिच्या हातावर पैसे ठेवले.

"शेंदूर, तेल, माळ, नारळ," ते म्हणाले. "दुकानात इचारलं. पंच्याऐंशी व्हत्यात. तुमच्या दगडाचे तेवढे."

"मामा, देवाचे पैसे परत घेत्यात व्हय?"

"देवाचे न्हायत. तुमचे हायत. वस्तू तुमची व्हती, म्या खरवडली." मग माझ्याकडं वळले. "कारकून, पावती करा. कारण बराबर लिवा."

मी लिहिली, हिनं सही केली. ती पावती त्यांच्या मुलानं मस्टरात सापडली म्हणून मला परत आणून दिली, त्यामुळे शब्द जसेच्या तसे देतो: 'रुपये पंच्याऐंशी रोख मिळाले. कारण: मुलींना आतून जाता यावं म्हणून शेंदूर खरवडला.'